पेशींचीं गोत्रें

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, डोंगराच्या कुशींत, कचारगडची प्रचंड गुहा आहे. माघी पौर्णिमेला तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. ह्या गुहेंत कोंडलेल्या बालकांना पारी कुपार लिंगो यांनीं मुक्त केलें व त्यांना सगा आणि गोत्रें लावून दिलीं, असें त्या समाजाची परंपरा सांगते. श्रोतेहो, एकाच उदरांतून निघालेल्यांना निरनिराळीं कुळें कोणीं वांटून दिलीं, हा प्रश्न गर्भशास्त्रालाही पडला. गर्भाचा आरंभ एका पेशींत होतो. पण तिच्याच वंशांतील एक पेशी त्वचा होते, दुसरी स्नायु, तिसरी मेंदूचा भाग. हें ठरवितें कोण?

१८८८ सालीं विल्हेल्म रू यांनीं बेडकाच्या द्विपेशी गर्भांतील एक पेशी तापल्या सुईनें मारली. उरलेलीपासून अर्धाच गर्भ झाला. तेव्हां पेशीचें काम आरंभींच ठरतें, असें त्यांना वाटलें. १८९१ सालीं हान्स द्रीश यांनीं सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या दोन पेशी पूर्णपणें अलग केल्या, तों प्रत्येकीपासून लहान पण संपूर्ण अळी निघाली! रूंच्या प्रयोगांत मेलेली पेशी शेजारीं चिकटूनच होती, ही बाब क्षुल्लक नव्हती.

वादाला खरें वळण दिलें तें फ्रायबुर्ग येथील हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिनें. न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर. त्याच्या फिक्या जातीच्या गर्भांत, पेशी जेथून आंत वळूं लागतात त्या कांठाचा एक कण घेऊन तिनें तो गडद जातीच्या गर्भाच्या पोटाकडे बसविला. तेथें दुसरा गर्भच आकारास आला. आणि नवल असें, कीं त्याच्या पुष्कळशा पेशी गडद, म्हणजे यजमानाच्याच होत्या. पोटाची त्वचा व्हावयाच्या पेशींना पाहुण्यानें मज्जारज्जु व्हावयास लाविलें! निबंध १९२४ सालीं निघाला. त्याच वर्षीं स्वयंपाकघरांतील भडक्यांत भाजून हिल्डे वारली. वय अवघें २५. १९३५ चें नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमानांना मिळालें. प्रयोगाला मात्र आज दोघांचेंही नांव आहे, हें योग्यच झालें.

महाराष्ट्रांत ही विद्या रुजली ती कोंबडीच्या अंड्यांतून. पक्ष्याच्या कोवळ्या गर्भाच्या मध्यभागीं एक पट्टा दिसतो. त्याला अशीच संघटक शक्ति असते, हें कॉनरॅड वॉडिंग्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत दाखविलें होतें. पुढें एडिंबरोस त्यांच्या संस्थेंत लीला मुल्हेरकर यांनीं काम केलें. त्या पट्ट्याच्या बाजूच्या भागांची शक्ति तपासणारा त्यांचा निबंध १९५८ चा. नंतर पुणें विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांत त्यांनीं हें संशोधन वाढविलें. डेनिस न्यू यांची १९५५ ची युक्ति तर घरगुती वाटावी अशी: बलकावरील पातळ पडदा गर्भासह काचेच्या कड्यावर ताणावयाचा, खालीं अंड्याचाच पांढरा भाग, आणि सर्व ऊबेंत ठेवावयाचें. मग चिमुकलें हृदय धडधडूं लागलेलें डोळ्यांनीं पाहतां येतें.

वांटणी झाल्यावर मूळ पोथी पेशीजवळ उरते काय? १९६२ सालीं जॉन गर्डन यांनीं बेडूकमाशाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक निकामी केंद्रकाच्या अंड्यांत घातलें व त्यांतून बेडूकमासे वाढविले. २००६ सालीं शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या त्वचेंतील पेशींना चार जनुकांच्या साह्यानें जवळजवळ गर्भावस्थेंत परत नेलें. २०१२ चें नोबेल या दोघांनीं वांटून घेतलें.