निरोष्ठ रामायण आणि हरवलेला शब्द

मोरोपंत (1729–1794) जन्माने पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीकर झाले. त्यांनी रचलेल्या 108 रामायणांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. त्यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. 'म' वर्ज्य म्हणजे 'राम' हे नावच वर्ज्य! ज्याची कथा सांगायची, त्याचे नाव उच्चारायचे नाही. 'दाशरथी'सारख्या वळणाने त्याच्यापर्यंत पोहोचायचे. टीकाकारांनी अशा रचनांना शब्दांची कसरत म्हटले आहे.

आम्हांस मात्र ती वाचताना वाचाघाताची आठवण होते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की अनेकदा माणूस ओळखीचा असतो, पण त्याचे नाव ओठांवर येत नाही. 'तो, आपल्या शेजारचा, शाळेत शिकवणारा' असा वळसा घ्यावा लागतो. अर्थात पंतांनी वर्ण स्वेच्छेने सोडले होते. येथे ते हिरावले जातात. हा भेद विसरणे म्हणजे दुःखाचा खेळ करणे होय.

स्वीडिश कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांना 1990 मध्ये पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाणी जवळजवळ गेली. तरी 1996 आणि 2004 मध्ये त्यांचे नवे संग्रह आले. दुसऱ्यात बहुतांश हायकू आहेत. बोलण्यात जे साधेना, ते मोजक्या अक्षरांच्या बंधात साधले. तेथे बंध हा अलंकार नव्हता, आधार होता.

असा आधार आमच्या मुलखालाही परका नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते, तेव्हा अभंग चालीवर, पावलांच्या ठेक्यावर चालतात. बोलणे गेलेला मनुष्य पाठ असलेले गीत गाऊ शकतो, ही नोंद स्वीडनमध्येच ओलोफ डालिन यांनी 1745 मध्ये केली होती. पंत तेव्हा किशोरवयीन होते. मात्र अभंग गाणाऱ्याला पाणी मागता येईलच असे नाही. पाठ असलेली ओळ म्हणणे वेगळे, स्वतःचे वाक्य जुळवणे वेगळे. गाणे ऐकून 'बरा झाला' म्हणणारे घर त्याच्या उरलेल्या कष्टाकडे पाठ फिरवते.

म्हणून वृत्त, चाल आणि वर्णबंध यांना 'कृत्रिम' ठरवण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. पंतांनी आपल्या आर्त विनवणीला 'केकावली' म्हटले. केका म्हणजे मोराची हाक. तिच्यात शब्द नसतो, पण हाक मारणारा असतो.