कामगार नुकसानभरपाई आणि वेदनाशमन : पुणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

महाराष्ट्रातील कामगार चळवळीचा इतिहास मुख्यतः वेतन, कामाचे तास, संप आणि संघटना या अंगांनी लिहिला गेला आहे. कारखान्यात जायबंदी झालेल्या कामगाराच्या भरपाईचा उल्लेख त्यात येतो. परंतु त्याच्या वेदनेचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात तोच प्रश्न पुणे परिसर नजरेसमोर ठेवून तपासला आहे. इजेची भरपाई ठरविणारा कायदा आणि अफूवर नियंत्रण ठेवणारा कायदा हे दोन्ही शासनानेच घडविले. मात्र कामगाराच्या दुखऱ्या शरीरापाशी या दोहोंची गाठ जवळपास पडलीच नाही, असे या इतिहासावरून दिसते.

भरपाईचा कायदा

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. यंत्रावरचे काम आणि त्यातून होणारी इजा या गोष्टी पुण्याला तेव्हापासून परिचित आहेत. असे असूनही इजा झालेल्या कामगाराला भरपाईचा निश्चित वैधानिक हक्क मिळण्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संमत झालेला कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. पुण्यातील भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी हे त्या काळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते.

या कायद्याने शरीराची मोजदाद केली. मूळ अनुसूचीत उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वर गेल्यास कमाईची क्षमता ७० टक्क्यांनी घटली असे धरले जाई, डावा गेल्यास ६० टक्क्यांनी. अंगठ्याला २५ आणि तर्जनीला १० टक्के. पुढे अंगठ्याचे ३० व तर्जनीचे १४ टक्के झाले. ही मोजणी कमाईची होती, दुखण्याची नव्हे. दहा दिवसांहून अधिक काळ काम बंद पडले तरच तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई मिळे. वेदना सर्वांत तीव्र असते ती नेमकी याच पहिल्या काही दिवसांत. ही मर्यादा नंतरच्या दुरुस्त्यांनी तीन दिवसांवर आली. शिवाय मालकाने मोफत वैद्यकीय तपासणी देऊ केल्यास कामगाराने ती करून घेणे बंधनकारक होते. थोडक्यात, कायद्यातील डॉक्टर तपासण्यासाठी होता, उपचारासाठी नव्हता. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देण्याची तरतूद या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे तब्बल शहाऐंशी वर्षांनी.

नशेचा उल्लेख मात्र कायद्यात पहिल्यापासून होता. दारू किंवा अमली द्रव्याच्या अमलाखाली असल्यामुळे अपघात झाला आणि त्यात मृत्यू ओढवला नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नसे. जुने दुखणे दाबण्यासाठी अफूची गोळी घेऊन कामावर उभ्या राहिलेल्या माणसाला पुन्हा इजा झाली, तर हेच कलम त्याच्याविरुद्ध वापरता येण्यासारखे होते.

अफूचे घरगुती रूप

ही शक्यता केवळ तर्काची नाही, कारण अफू त्या काळी कामगारवस्तीत सहज उपलब्ध होती. १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगाने १८९५ च्या अहवालात अफू हे हिंदुस्थानातील सर्वसामान्य घरगुती औषध असल्याचे मान्य केले आणि वैद्यकीय वापराखेरीज इतर वापरावर बंदीची शिफारस केली नाही. १९२२ साली सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री कामगारांची पाहणी केली. त्यांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदविले. ही ‘बाळगोळी’ दिल्याने मूल झोपून राही आणि आई कामावर जाऊ शके. ज्या घरात तान्ह्या मुलाला कामाच्या सोयीसाठी अफू दिली जात होती, त्या घरातील मोठ्या माणसांना अंगदुखीवर ती वर्ज्य वाटली असेल, असे मानणे कठीण आहे.

स्वातंत्र्यानंतर ही वाट बंद झाली. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत संपविण्याचे ठरविले. ते निःसंशय आवश्यक होते. परंतु घरगुती औषध काढून घेताना कामगाराला पर्यायी वेदनाशामक कोण देणार, याचा विचार त्या निर्णयाबरोबर झालेला दिसत नाही. कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ पासून सुरू झाली आणि पुढे पुणे परिसरात तिची रुग्णालये उभी राहिली, ही त्यातली जमेची बाजू होय. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने मात्र मॉर्फिनभोवती परवान्यांचे आणि शिक्षेच्या भीतीचे असे कुंपण घातले, की रुग्णालयांनी ते ठेवणेच टाळले. वास्तविक नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखाने अफूपासून मॉर्फिन तयार करीत होते.

दोन टोके

पुण्यात मॉर्फिनला प्रतिष्ठा मिळाली ती कर्करुग्णांमुळे. वारजे येथील सिप्लाचे परिहार सेवा केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची वेदना नियंत्रित ठेवीत आले आहे. त्याच सुमारास अमेरिकेत याच्या नेमके उलट घडत होते. तेथे भरपाई योजनेतूनच जखमी कामगारांच्या पाठदुखीवर अफूजन्य औषधे सढळ हाताने दिली जाऊ लागली. वॉशिंग्टन राज्याच्या कामगार विभागातील डॉ. गॅरी फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९५ ते २००२ या काळातील ३२ मृत्यू अशा औषधांच्या अपघाती अतिमात्रेमुळे निश्चितपणे वा बहुधा घडले असल्याचे दिसून आले. इथे औषध पोहोचले नाही, तिथे ते आवरले गेले नाही. तरीही त्या राज्यात कामगाराची वेदना हा भरपाई यंत्रणेच्या नोंदीचा विषय होता, म्हणूनच चूक उघडकीस आली, हे लक्षात घेतले पाहिजे.

भारतात २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ही संज्ञा कायद्यात आली आणि २०१५ साली मॉर्फिनसह सहा औषधांची नियमावली देशभर एकसारखी झाली. त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमॅडॉल या प्रचलित वेदनाशामकावरही नियंत्रण आले. भोसरी, चाकण येथील पॉवर प्रेसवर बोटे चिरडण्याचे प्रकार या काळात थांबले नव्हते. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांचा वाहन उद्योगातील अशा इजा हाच विषय आहे. रस्त्यावर वाहनाने जखमी झालेल्या माणसाला न्यायाधिकरण ‘वेदना व यातना’ या स्वतंत्र सदराखाली रक्कम देते. प्रेसखाली बोट गेलेल्या कामगारासाठी तसे सदर नाही.

१९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. टक्केवारीची अनुसूची संहितेत कायम आहे, आणि दारू वा अमली द्रव्याच्या अमलाचे कलमही.