हिशेब मागण्याचा हक्क : वीजदर, जनसुनावणी आणि मराठवाडा

लूककृत शुभवर्तमानात एका विधवेचा दाखला आहे. ज्याला देवाचे भय नाही आणि माणसांची भीड नाही अशा न्यायाधीशाकडे ती पुनःपुन्हा जाते, आणि अखेर तिच्या चिकाटीपुढे तो नमतो. प्रार्थनेत खचून जाऊ नये, हा त्या दाखल्याचा बोध आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकला आहे. आम्हांला मात्र त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या विधवेला ठोठावण्यासाठी एक दार तरी होते. ज्या समाजात गाऱ्हाणे ऐकणारे दारच नाही, तेथे चिकाटी दाखवायची कोणापुढे?

विजेच्या दराबाबत आपल्या राज्यात असे दार १९९९ सालापर्यंत नव्हते. ते कसे उघडले, त्यातून काय साधले, आणि नांदेड-लातूरच्या माणसाने त्या दाराशी जाणे का अगत्याचे आहे, हे या लेखात सांगण्याचा आमचा मानस आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्यापूर्वी कर असो की दर, प्रजेला विचारून ठरवण्याची रीतच नव्हती. त्याच वर्षी दिल्लीत वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि प्रत्येक राज्यात वीज मंडळ स्थापण्याची तरतूद झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. या मंडळाने केलेले काम लहान नव्हे. ज्या खेड्यांत कंदिलापलीकडे उजेड ठाऊक नव्हता तेथे तारा पोहोचल्या, विहिरींवर मोटारी बसल्या, परळीला औष्णिक केंद्र उभे राहिले. हे सारे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु दर ठरवणारे मंडळ, वीज विकणारे मंडळ आणि हिशेब मांडणारेही मंडळच, अशी ती व्यवस्था होती. शासनाचा हात तिच्या पाठीशी असे. दर वाढल्याचे ग्राहकाला कळे ते हाती बिल आल्यावर.

या बंद दाराची किंमत राज्याला दाभोळ प्रकरणात मोजावी लागली. १९९३ च्या डिसेंबरात मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते, आणि लातूर-उस्मानाबादची गावे आपली माणसे पुरून तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती. वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम देणे मंडळाला त्या कराराने बंधनकारक केले होते. त्या ओझ्याचा दरावर काय परिणाम होईल, याची उघड सुनावणी कोठेही झाली नव्हती. १९९९ साली प्रकल्प सुरू झाला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने तेथील वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या व्यवहाराची कठोर चिकित्सा केली. पण ती झाली तोवर करार होऊन सात वर्षे लोटली होती.

जनतेपुढे दराची छाननी व्हावी ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी १९०७ साली अशा सेवांवर देखरेख करणारे आयोग नेमले. एकाच कंपनीकडून वीज अथवा वायू घेण्यावाचून लोकांना गत्यंतर नसेल, तर त्या कंपनीने भाव वाढवण्यापूर्वी त्रयस्थापुढे कारणे मांडावीत, हे त्यामागील तत्त्व. बाजारात एका दुकानात भाव पटला नाही तर आपण शेजारच्या दुकानात जातो. विजेच्या बाबतीत शेजारचे दुकान नसते. भारतात ही वाट प्रथम ओरिसाने धरली. तेथील आयोग १९९६ साली सुरू झाला. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना झाली.

आयोगाने ५ मे २००० रोजी मंडळाच्या दरांविषयी आपला पहिला आदेश दिला. या पहिल्या फेरीत जे उघड झाले, ते आमच्या मते दर किती वाढला किंवा घटला याहून मोलाचे होते. वाहिन्यांतून वीज वाहताना जी वाया जाते आणि जी चोरीला जाते, तिला एकत्रितपणे गळती म्हणतात. मंडळ ही गळती वर्षानुवर्षे वीस टक्क्यांच्या आत दाखवीत आले होते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकडे तपासले, आयोगाने प्रश्न विचारले, आणि गळती तीस टक्क्यांच्याही वर असल्याचे दिसून आले.

मग इतकी वर्षे ती लपली होती कोठे? याचे उत्तर आपल्या शिवारात आहे. बहुसंख्य कृषिपंपांना मीटर नव्हते; त्यांचे बिल अश्वशक्तीवर आकारले जाई. मीटर नसल्यामुळे पंपांनी किती वीज वापरली हे मोजले जात नसे, ते अंदाजाने ठरे. शेतकऱ्याच्या नावावर जितकी अधिक वीज मांडावी, तितकी गळती कागदावर कमी दिसे. म्हणजे चोरी कोणाचीही असो आणि वाहिनी कोठचीही जुनाट असो, खतावणीत नाव मात्र शेतकऱ्याचे पडे. लातूर जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी आणि विंधनविहिरी कोरड्या पडतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ज्या विहिरीत पाणीच नाही, तिच्यावरील मोटारीने इतकी वीज ओढली कशी, हा प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. प्रश्न विचारण्याची जागा तेवढी हवी असते. पुढे २०२० सालच्या दरादेशातही आयोगाने कृषिपंपांचा दाखवलेला वापर जसाच्या तसा स्वीकारला नाही. यावरून हे दुखणे किती मुरलेले आहे याची कल्पना येते.

या आकड्यांचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत भारनियमनाचे तास त्या त्या भागातील गळती आणि वसुली पाहून ठरवले जाऊ लागले. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तर्क होता. परंतु ज्या गावात काहींनी आकडे टाकले, तेथे नियमाने बिल भरणाऱ्याच्या घरीही अंधार झाला. सदोम नगरासाठी अब्राहामाने देवाशी घातलेला वाद आम्हांला अशा वेळी आठवतो. नीतिमान आणि दुष्ट यांना एकच दंड का, असे त्याने विचारले आणि पन्नासांवरून दहांपर्यंत तो घासाघीस करीत गेला. ती जगातील पहिल्या जनसुनावण्यांपैकी एक होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

ग्राहकाला ऐकलेच पाहिजे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पश्चिम बंगालच्या आयोगाविषयीच्या खटल्यात न्यायालयाने २००२ साली निर्णय दिला, की दर ठरताना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कायद्यानेच ग्राहकाला दिला आहे. ग्राहक लाखांनी आहेत, ही अडचण हक्क नाकारण्यास पुरेशी नाही. सुनावणीची पद्धत आयोगाने आखून द्यावी. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ६४ व्या कलमात ही रीत स्पष्ट झाली. दरवाढीचा अर्ज करणाऱ्याने तो संक्षेपाने प्रसिद्ध केला पाहिजे, आणि आयोगाने लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निर्णय दिला पाहिजे. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. तिलाही हाच मार्ग चालावा लागतो. आयोगाच्या आदेशात प्रथम लोकांची हरकत, मग कंपनीचे उत्तर आणि शेवटी आयोगाचे मत अशा क्रमाने नोंद होते. साध्या कागदावर लिहिलेल्या हरकतीलाही राज्याच्या दप्तरात जागा मिळते, ही गोष्ट सामान्य नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी आयोगाने आरंभीच्या काळात ज्या संस्थांना प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, त्यांत मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूरच्या आणि विदर्भाच्या उद्योजकांच्या संघटना होत्या. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी किंवा लातूरच्या वस्तीत शिलाई मशीन चालवणारी भगिनी यांचा आवाज या नावांत शोधावा लागतो. मराठवाड्यासाठी सुनावणी होते ती छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला. नांदेडहून काय किंवा लातूरहून काय, हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या घरात आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून आणि प्रवासखर्च सोसून पाच मिनिटे बोलायला कोण जाणार? दार उघडे आहे. पण उंबरठा उंच आहे.

तरीही उंबरठा ओलांडल्याने फरक पडतो. २०२३ च्या सुनावणीत महावितरणने सुमारे ६७ हजार कोटी रुपयांची तूट मांडली होती. हरकती ऐकून आणि छाननी करून आयोगाने सुमारे ३९ हजार ५०० कोटी मान्य केली. दर तरीही वाढले, हे खरे. पण मागितले तेवढे सारे मिळाले नाही. उलट २०२५ साली काय घडले तेही पाहावे. २८ मार्चच्या आदेशाने दर खाली आले. कंपनीने फेरविचार मागितला, २ एप्रिलला आदेश स्थगित झाला आणि २५ जूनला सुधारित आदेश निघाला. या फेरविचारात ग्राहकांना ऐकले गेले नाही, अशी हरकत घेतली गेली आणि वाद उच्च न्यायालयात पोहोचला. मिळालेला हक्क जपावाही लागतो, याचे हे ताजे उदाहरण होय. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीबाबत तर असे दारच नाही. तिचा दर तेल कंपन्या जाहीर करतात आणि गृहिणी तो निमूटपणे भरते. ही तुलना केली म्हणजे विजेबाबत लाभलेल्या हक्काचे मोल कळते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीला हा विषय परका नाही. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात ग्रामीण भागाला रस्ते, पिण्याचे पाणी, आरोग्य अशा मूलभूत सोयी मिळाव्यात याकडे सार्वजनिक सत्तांचे लक्ष वेधले आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये सांगितलेले तत्त्व असे, की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. त्याचा अन्वयार्थ आम्ही असा लावतो, की हरकतीचा अर्ज लिहिणे हे धर्मग्रामातील कुटुंबांना एकत्र बसून सहज जमण्यासारखे काम आहे. त्यासाठी कोणा पुढाऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ते काम अवघडही नाही. वर्षभराची बिले जपून ठेवावीत. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि विद्युत शुल्क यांतील भेद एकदा समजून घ्यावा. यांतील विद्युत शुल्क हा शासनाचा कर आहे, त्याची तक्रार आयोगापुढे चालत नाही. वृत्तपत्रात जाहीर सूचना आली की मुदतीत, आपल्या अनुभवापुरते आणि आपल्या मराठीत लिहावे. आमच्या फीडरवर वीज किती तास असते, मीटर न वाचता बिल किती वेळा आले, पंप किती दिवस बंद होता, एवढे जरी खरेपणाने लिहिले तरी ते पुरावा ठरते. मात्र तारेवर आकडा टाकणाऱ्या हाताने हिशेब मागू नये. आमोस संदेष्ट्याने खोट्या मापांचा धिक्कार केला, तो विकणाऱ्यांना उद्देशून होता. पण घेणाऱ्याने माप चुकवले तर तेही खोटेच.

लूकच्याच शुभवर्तमानात एक धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो. लोकशाहीत तो धनी म्हणजे आपण. नांदेड-लातूरच्या घरांतून असे चार कागद जरी संभाजीनगरला पोहोचले, तरी पुढच्या आदेशात आपल्या गावाच्या नावापुढे केवळ गळतीचा आकडा नसेल. तेथे आपले म्हणणेही असेल.