रानकोंबड्याचं पीस आणि साहेबाची माशी

घाटाखालच्या गावांत पहाटे राखी रानकोंबड्याची बांग ऐकली नाही असा माणूस विरळा. या नराच्या मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब वाळल्यासारखे पिवळट-पांढरे, चकचकीत ठिपके असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या धनिकांना या ठिपक्यांचं भारी वेड. कशासाठी? तर मासे धरायला!

या छंदाला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. गांडूळ वगैरे काही नाही, गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. आता पिसाला वजन कुठलं, ते लांब फेकणार कसं? म्हणून दोरीच जड घेतात आणि काठीने चाबकासारखी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत सोडतात. दोरीमागून माशी जाते आणि अलगद पाण्यावर उतरते.

प्रकार तसा फार जुना. रोमन लेखक एलियन याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका प्रकरणात बारा माश्यांची कृती दिली आहे. ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिलं असं परंपरा सांगते, अभ्यासकांना ते पटत नाही. पुढे १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक आलं. पण त्यातला माशीचा खरा जाणकार भाग चार्ल्स कॉटनने १६७६ मध्ये जोडलेला. तोवर सामान घरचंच असायचं, म्हणजे कोंबडं, बदक, लोकर.

मग साम्राज्य पसरलं आणि लंडनच्या बंदरात जगभरचे पक्षी उतरू लागले. मुख्य गिऱ्हाईक बायकांच्या टोप्यांचं, पण मासेवालेही मागे नव्हते. जॉर्ज केल्सनच्या १८९५ च्या सामन माशावरच्या पुस्तकात एकेका माशीला कितीतरी जातींची पिसं लागतात. 'इंडियन क्रो' नावाचं एक पीस फार मानाचं. तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला, ना भारतातला ना कावळा! आपला रानकोंबडा मात्र अस्सल इथलाच.

खरी गंमत पुढे आहे. अंडी घालायला नदीत परतलेला सामन जवळपास काही खातच नाही. त्यामुळे अमुकच पक्ष्याचं पीस हवं या हट्टाला माशाच्या बाजूने काही आधार नव्हता. साध्या रंगवलेल्या पिसावरही तो तोंड मारतो. माझ्या मते हा हट्ट सगळा चारचौघांत मिरवण्याचा.

१९०२ मध्ये इथल्या ब्रिटिश सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. खुद्द इंग्लंडमध्ये आयातबंदीचा कायदा व्हायला १९२१ उजाडलं. म्हणजे एकोणीस वर्षं इथे दार बंद आणि तिथे दुकान उघडं. चोरटा माल जायचा तो गेलाच. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याची शिकार गुन्हा आहे, आणि परदेशात पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं कायदेशीर विकली जातात.

पण वेड संपलेलं नाही. जून २००९ मध्ये लंडनजवळच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एका अमेरिकन विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. लंडनमध्ये संगीत शिकणारा हा पोरगा खिडकी फोडून आत शिरला आणि सुटकेस भरून माल घेऊन गेला. त्यात आल्फ्रेड वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी मलाय बेटांवर जमवलेले पक्षीही होते. पिसं इंटरनेटवर माश्या बांधणाऱ्यांना विकली गेली. २०११ मध्ये त्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. तुरुंगात एक दिवस नाही.

बरेचसे पक्षी परत मिळाले. पण त्यातल्या अनेकांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या त्याने कापून टाकल्या होत्या. कुठे, कधी, कोणी पकडला हे त्या चिठ्ठीवरच असतं. ती गेली की पक्षी नुसता भुसा भरलेला राहतो, अभ्यासाला निरुपयोगी.