आढ्यावरचा बिऱ्हाडकरू

दिवाळी आठ दिवसांवर आली की वऱ्हाडातल्या घराघरांत लांब बांबूला फडा बांधला जातो आणि आढ्यावर चाल होते. जाळी खाली येतात, कोळी पळतात, घरधनीण शिंकत राहते. देवदिवाळी येते न येते तोच जुन्या जागी नवी जाळी!

आमच्या धाब्याच्या घरात ही मोहीम आजीची असे. जाळे ती निर्दयपणे काढी. कोळी मात्र सुपात घेऊन परसात सोडी. "मारू नोको बापा, त्यानं तुह्यं काय खाल्लं? मच्छर तं खाते थो!" भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंत कोळी आहे, हे तिने कीर्तनात ऐकले होते. आपल्यातूनच धागा काढायचा आणि पुन्हा आपल्यातच घ्यायचा, असा तो गुरू. नवल असे की, बागेत चक्राकार जाळे विणणारे पुष्कळ कोळी आपले जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात. घरातले एवढे टापटिपीचे नाहीत. ते जाळे तसेच टाकून पुढे सरकतात, त्यावर धूळ नि चुलीचा धूर बसतो, आणि त्याचे जळमट होते.

या संसारात 1953 साली सरकारी पंप शिरला. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना त्या वर्षी सुरू झाली आणि घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पंप तोच राहिला. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने पडत. 1965 साली हा आकडा लाखाच्या आसपास आला. पण डासांनी विषाशी जमवून घेतले, यंत्रणाही ढिली पडली, आणि 1976 साली रोगी पुन्हा 64 लाखांवर गेले. डास परतले, तसे त्यांना खाणारेही. मागे उरली ती एक समजूत : किडा दिसला की औषध मारावे.

या समजुतीची किंमत मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरात कपाशीचे उरलेले औषध दिवाळीच्या सफाईत आढ्यावर मारले. रात्री त्याच आढ्याखाली निजलेल्या सात वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. रातोरात तिला अकोल्याला नेले. पोर वाचली. ती माझ्याच वर्गात होती. पंधरा दिवसांनी हजेरी घेताना तिचा "हजर" ऐकला आणि पुढचे नाव मला काही वेळ वाचता येईना. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेही मोकळ्या रानात. इथे तर बंद खोली होती!

आणि हे सारे कोणासाठी? कोपऱ्यात लांब पायांवर डुलणाऱ्या, धक्का लागताच जाळे गदागदा हलवणाऱ्या कोळ्यासाठी? किंवा रात्री झुरळांमागे धावणाऱ्या, तळहाताएवढ्या चपट्या कोळ्यासाठी? दोघेही माणसाच्या वाटेला जात नाहीत. अंगावर फोड उठले की "कोळी मुतला" म्हणतात. पण असे फोड बहुधा अंगावर चिरडलेल्या एका बारीक भुंग्याचे असतात, नाहीतर ती नागीण असते. त्याला आवरायचे तर त्याचे जेवण तोडावे. दारावरचा दिवा उगाच जळत ठेवू नये, खिडकीला जाळी लावावी, फटी बुजवाव्यात, आणि फडा वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला फिरवावा. अंड्यांच्या गोळ्या दिसल्या तर त्याही काढाव्यात.

आपल्याकडच्या कोळ्यांची मोठी जंत्री पोकॉक या इंग्रज पंडिताने 1900 साली छापली. पुढे टिकादारांचा भारतीय कोळ्यांवरचा ग्रंथ 1987 साली आला. आज अमरावतीच्या विद्यापीठात आणि दर्यापूरच्या महाविद्यालयातही या प्राण्याचा अभ्यास होतो, मेळघाटातले कोळी मोजले जातात. गंमत अशी की, या विद्यापीठाला नाव आहे गाडगेबाबांचे. ज्यांनी आयुष्यभर हातातला खराटा खाली ठेवला नाही, त्यांच्या नावाच्या छताखाली कोळ्याला मानाची जागा मिळाली!

यंदाही आमच्याकडे फडा बांधून झाला आहे. देवघरामागे एक लांब पायांची कातीण अंड्यांची गोळी तोंडात धरून बसली आहे. आजी नाही, पण सूप तेच आहे.