पवनीचा स्तूप आणि ‘विद्यापीठ’ ही संज्ञा

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं असलेलें पवनी हें तटबंदीचें गांव लेखसंशोधकांस सुपरिचित आहे. भारवंशीय राजा भगदत्त याचा पादुकापट्टावरील लेख व महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ येथेंच सांपडले. दोहोंचें वाचन म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रसिद्ध केलें. पुढें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखालीं जगन्नाथ टेकडीचें उत्खनन केलें, तेव्हां तिच्या पोटांतून मोठा बौद्ध स्तूप व त्याच्या दगडी कठड्याचे स्तंभ बाहेर आले.

अशा स्थळास लागलीच ‘प्राचीन विद्यापीठ’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा असें आम्हांस वाटतें. नालंदा येथील वास्तूंस ती संज्ञा शोभते, कारण तिला प्रमाणें आहेत. ह्यूएनत्संगानें तेथील अध्ययनाचें वर्णन केलें आहे. महाविहाराच्या भिक्षुसंघाच्या मुद्रा मिळाल्या आहेत. आणि सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून देवपालानें जीं पांच गांवें दिलीं, त्यांच्या उत्पन्नांतून धर्मग्रंथ लिहविण्याचीही तरतूद ताम्रपटांत आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हा शेवटचा पुरावा विशेष लक्षांत घ्यावा.

पवनीस यांपैकीं एकही साधन उपलब्ध नाहीं. तेथील स्तंभांवर इसवी सनापूर्वीच्या ब्राह्मी लिपींत दानकर्त्यांचीं नांवें आहेत. एका स्तंभावर नागराज मुचलिंद नांवानिशीं कोरला असून त्याच्या फणांखालील आसन रिक्त आहे. बुद्धाची मूर्ति नाहीं. यावरून ही वास्तु श्रद्धावंतांच्या दानांनीं सजली व तिची कला प्रतीकपूजेच्या काळांतील होती, इतकें निश्चित ठरतें. भगदत्त व रूपिअम्म यांच्या लेखांवरून गांवाचें राजकीय महत्त्व दिसतें. अध्यापनाविषयीं ते मुग्ध आहेत. तेव्हां पवनीस स्तूपस्थान म्हणावें, विद्यापीठ म्हणूं नये.

नवें प्रमाण मिळाल्यास हें मत अर्थातच बदलेल. म्हणून आमची विनंति अशी कीं, पवनीच्या परिसरांत घराच्या भिंतींत वा देवळाच्या पायरींत अक्षरें असलेला दगड दिसल्यास तो हलवूं नये. जागेची नोंद करावी, ठसा घ्यावा व पुरातत्त्व खात्यास कळवावें. स्थान हरवलेल्या लेखाचा निम्मा इतिहास हरवतो.