दगडांना संरक्षण, माणसांना कुंपण: रापा नुईचा इतिहास

ईस्टर आयलंडची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी एकाच पद्धतीने ऐकलेली असते. प्रशांत महासागरात एक बेट होते. तिथल्या लोकांना प्रचंड दगडी पुतळे उभारण्याचे वेड लागले. पुतळे ओढून नेण्यासाठी त्यांनी शेवटचे झाडसुद्धा तोडले. मग अन्न संपले, लढाया झाल्या, माणसांनी माणसे खाल्ली आणि ती संस्कृती स्वतःच्या मूर्खपणाने संपली. पर्यावरणाच्या व्याख्यानात ही गोष्ट हमखास येते आणि यूट्यूबवर तर तिचे पीकच आले आहे. आम्हीही ती समाजशास्त्राच्या वर्गात धडा म्हणून ऐकली.

पण ते लोक संपलेले नाहीत. 2017 च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या साडेसात हजारांच्या वर होती आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक मूळचे होते. बेटाचे, लोकांचे आणि त्यांच्या भाषेचे नाव एकच आहे, रापा नुई. ‘ईस्टर’ हे नाव डच दर्यावर्दी रोखेवेनने दिले, कारण 5 एप्रिल 1722 ला त्याला हे बेट दिसले तेव्हा ईस्टरचा रविवार होता. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याच्या माणसांनी गोळीबार केला आणि दहाबारा बेटकरी जागीच मेले. युरोपशी झालेली पहिली भेट अशी होती. व्याख्यानात ती सहसा सांगितली जात नाही.

हे बेट जेमतेम 164 चौरस किलोमीटरचे. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरवर, आणि माणसांची वस्ती असलेले सर्वांत जवळचे बेट सुमारे दोन हजार किलोमीटरवर. एवढ्या एकाकी जागी पॉलिनेशियन दर्यावर्दी आठशेएक वर्षांपूर्वी होड्यांतून पोहोचले आणि त्यांच्या वंशजांनी नऊशेच्या आसपास मोआई घडवले. मोआई म्हणजे पूर्वज. ‘अहू’ नावाच्या दगडी चौथऱ्यांवर ते बहुतेक ठिकाणी समुद्राकडे पाठ करून, वस्तीकडे तोंड करून उभे केलेले असत.

गोऱ्या जगाने या कामाचे श्रेय या लोकांना सुखासुखी दिले नाही. नॉर्वेच्या थोर हेयरडालने मांडले की बेटावर आधी दक्षिण अमेरिकेतून गौरवर्णी, दाढीवाले लोक आले आणि थोर शिल्पे त्यांची. 1968 मध्ये एरिक फॉन डॅनिकेनने थेट परग्रहवासीयांना आणून बसवले. थोडक्यात, हे तुम्ही केलेच नाही. पुढे पुरावे वाढले आणि हे म्हणणे अशक्य झाले, तेव्हा सूर बदलला. केले तुम्हीच, पण त्या पायी स्वतःचा नाशही तुम्हीच केला. जॅरेड डायमंड यांच्या 2005 च्या ‘कोलॅप्स’ या पुस्तकाने ही मांडणी जगभर नेली. शोषिताच्या कर्तृत्वावर आधी शंका आणि मग त्याच्या दैन्याचा दोष त्याच्याच माथी, हा प्रकार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

झाडे गेली, हे खरे आहे. ताडाची जंगले नाहीशी झाली, त्यात माणसांच्या शेतीचा आणि आगीचा वाटा होता, होड्यांबरोबर आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया खाल्ल्या असेही संशोधक सांगतात. टोळ्यांची भांडणे झाली आणि पुढे पुतळे पाडले गेले, तेही बेटावरच्याच लोकांकडून. तिथेही राजकुळ, उच्चकुळी आणि सामान्य अशी उतरंड होती. त्या समाजाला स्वर्ग ठरवण्याची आम्हाला गरज वाटत नाही. पण लोकसंख्या कोसळली का, हा प्रश्न पुराव्याचा आहे. टेरी हंट आणि कार्ल लिपो यांनी बरीच वर्षे ही गोष्ट खोडून काढली. 2012 मध्ये त्यांच्या गटाने चार टनांहून जड प्रतिकृती 18 माणसांकडून, फक्त दोरखंडांनी, डोलवत डोलवत चालवून दाखवली. मोआई चालत आले, असे रापा नुईची म्हातारी माणसे पूर्वीपासून सांगतच होती! सप्टेंबर 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातल्या 15 रापा नुई व्यक्तींच्या अवशेषांचा जनुकीय अभ्यास आला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात सापडली नाही.

ती कोसळली एकोणिसाव्या शतकात. 1862 च्या अखेरीस पेरूची जहाजे आली. पेरूमध्ये गुलामगिरी कायद्याने संपलेली होती, म्हणून कराराची मजुरी असे गोंडस नाव देऊन माणसे पकडली गेली. काही महिन्यांत सुमारे दीड हजार लोक नेले. त्यात राजा होता, त्याचे कुटुंब होते आणि ‘रोंगोरोंगो’ लिपी वाचणारे जाणकार होते. पेरूमध्ये बहुतेक जण रोगराईने मेले. आंतरराष्ट्रीय ओरड झाल्यावर शंभरेक जणांना परतीच्या जहाजात बसवले, त्यातले पंधराच्या आसपास जिवंत पोहोचले आणि त्यांच्याबरोबर देवी पोहोचली. 1877 मध्ये बेटावर 111 माणसे उरली होती.

1864 मध्ये आलेल्या एझेन एरो या मिशनऱ्याने लिहून ठेवले आहे की घरोघरी कोरीव लेखाच्या लाकडी पाट्या आहेत. आज त्या लिपीतल्या दोन डझनांच्या आसपास वस्तू जगात शिल्लक आहेत, त्यातली एकही बेटावर नाही, आणि लिपी अजून कोणाला वाचता येत नाही. ज्या समाजाला लिहिता येत होते त्याचे वाचणारे पळवून नेले आणि मग त्याचा इतिहास पळवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. ‘गूढ बेट’ म्हणतात ते हे. गूढ कसले? गुन्हा आहे, आणि त्याची तारीखही ठाऊक आहे.

माणसे कमी झाली तशी जमीन गेली. ड्यूट्रू-बोर्निये नावाच्या फ्रेंच माणसाने मेंढ्या आणल्या, मिशनऱ्यांना हुसकावले आणि बेटाचा मालक असल्यासारखा वागू लागला. 1876 मध्ये तो मारला गेला. 9 सप्टेंबर 1888 ला चिलीने बेट आपल्यात सामील करून घेतले. रापा नुईची मौखिक परंपरा अशी की आतामु तेकेना या राजाने त्या दिवशी मूठभर गवत आणि माती उचलली, गवत चिलीच्या अधिकाऱ्याच्या हाती दिले आणि माती आपल्याकडे ठेवली. म्हणजे वापर तुमचा, जमीन आमची. चिलीने त्याचा अर्थ अर्थातच वेगळा लावला.

पुढे बेट मेंढीपालनाला भाड्याने दिले गेले आणि 1903 पासून ते विल्यमसन-बाल्फोर या ब्रिटिश कंपनीच्या हातात आले. सगळ्या रापा नुई लोकांना हांगा रोआ या एका गावात कोंबून भोवती भिंत घातली. एका टप्प्यावर मेंढ्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात गेली होती. आपल्याकडे गावकुसाबाहेर ठेवले जायचे, तिथे गावकुसात डांबले. बाहेरचे रान, पाणी, पूर्वजांचे अहू हे सगळे मेंढ्यांचे. परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. कुंपणे बांधायला जुन्या चौथऱ्यांचे दगड वापरले गेले, ते वेगळेच.

1914 मध्ये आंगाता नावाच्या वृद्ध स्त्रीने या कंपनीला आव्हान दिले. तिला स्वप्न पडले की देवाने सांगितले आहे, कंपनी संपली, जनावरे लोकांची आहेत. 30 जूनला तिच्या माणसांनी तसे लेखी कळवले आणि गुरे आणून, कापून, वाटून खाल्ली. त्याच वेळी कॅथरीन राउटलेज ही इंग्रज संशोधिका बेटावर पुतळ्यांचा अभ्यास करत होती, म्हणून या बंडाची नोंद राहिली. ऑगस्टमध्ये चिलीचे युद्धजहाज आले, चार पुढारी पकडले गेले आणि बंड मोडले. काही महिन्यांत आंगाताही वारली. बेटावर जाणाऱ्या पर्यटकांपैकी किती जणांनी तिचे नाव ऐकलेले असेल?

आता दोन सनावळ्या पाहा. 1933 मध्ये चिलीने संपूर्ण बेट सरकारी मालमत्ता म्हणून नोंदवले. 1935 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान आणि ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर झाले. तेव्हा रापा नुई माणसे भिंतीच्या आत होती आणि त्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते. दगड राष्ट्रीय वारसा झाले. ज्यांच्या आज्यापणज्यांची ती रूपे, ते मात्र परवानगी मागत राहिले. 1953 मध्ये कंपनी गेली आणि नौदलाचा अंमल आला. भिंतीआडचे जगणे संपायला आणखी दशकभर लागले. काही जण लहान होड्यांतून पळाले, त्यातले काही समुद्रातच गेले. 1964 मध्ये आल्फोन्सो रापू या विशीतल्या शिक्षकाने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले, लोक त्याच्यामागे उभे राहिले आणि 1966 च्या कायद्याने मताधिकार मिळाला. शिकून आलेला एक तरुण आणि एक अर्ज, या चळवळीची रीत आपल्याला परकी नाही.

संग्रहालयांचाही हिशोब बाकी आहे. होआ हाकानानाइआ हा सुमारे चार टनांचा मोआई 1868 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘टोपेझ’ जहाजाने नेला. राणी व्हिक्टोरियाला भेट गेला आणि तिने तो ब्रिटिश म्युझियमला दिला. नोव्हेंबर 2018 मध्ये रापा नुईचे शिष्टमंडळ तो परत मागायला लंडनला गेले. तो अजून लंडनलाच आहे.

1995 मध्ये उद्यान जागतिक वारसा यादीत आले. त्याने बेटाचा सुमारे चाळीस टक्के भाग व्यापला आहे, आणि त्याचा कारभार होता चिलीच्या राष्ट्रीय वनमहामंडळाकडे. मार्च 2015 मध्ये रापा नुई कार्यकर्त्यांनी उद्यानाची प्रवेशद्वारे ताब्यात घेतली. आपल्या पूर्वजांच्या दाराशी तिकीट दुसरा फाडणार आणि पैसा मुख्य भूमीवर जाणार, हे चालणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बुद्धगयेच्या महाविहाराच्या व्यवस्थापनाचा वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा मुद्दा एका वाक्यात कळेल. अखेर 2017 च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांनी उद्यानाचा कारभार ‘माउ हेनुआ’ या रापा नुई संस्थेकडे सोपवला. या संस्थेच्या कारभारावरून बेटावरच वाद झाले आहेत. होऊ देत. स्वतःच्या संस्थेशी भांडणे आणि दुसऱ्याच्या फाटकावर उभे राहणे यांत आम्हाला पहिले कधीही परवडेल.

समुद्राच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. 2010 मध्ये चिलीने शेजारच्या निर्जन बेटाभोवती दीड लाख चौरस किलोमीटरचे सागरी उद्यान जाहीर केले, तेव्हा रापा नुई लोकांना फारसे कोणी विचारले नाही, आणि तिथे पूर्वापार मासेमारीला जाणाऱ्या मच्छीमारांचा राग ओढवून घेतला. 2017 मध्ये मात्र आधी बेटावर मतदान झाले. 73 टक्क्यांनी होकार दिला आणि 2018 मध्ये सात लाख चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र संरक्षित झाले. मोठ्या कंपन्यांची जहाजे आणि खाणकाम बंद, पारंपरिक मासेमारी चालू. म्हणजे लोक संरक्षणाच्या विरोधात नव्हतेच. कारखानी जहाजे आपला समुद्र उपसतात, ही तक्रार तेच करत होते.

ऑक्टोबर 2022 मध्ये रानो राराकू या मोआईंच्या खाणीत आग शिरली आणि अनेक पुतळे कायमचे भाजले. किनाऱ्यावरच्या अहूंचे पाय लाटा खात आहेत. महासागरातले प्लास्टिक त्या निर्जन किनाऱ्यांवर येऊन पडते, आणि ते तिथल्या लोकांनी टाकलेले नसते. पहारा, डागडुजी, पर्यटकांना पायवाटेवर ठेवणे, ही कामे आता रापा नुई माणसे करतात. कारभाराची मुदत 50 वर्षांची आहे. जमीन अजून चिली सरकारच्या नावावर आहे, 1933 च्या त्याच नोंदीच्या आधारावर, आणि ती नोंद रद्द व्हावी ही मागणी बेटावर आजही चालू आहे.